घासणीची हिरवी बाजू

अण्णांनी आयुष्यभर लोकांचे दात केले. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि घराच्या मागच्या खोलीत बसून अण्णा मेण, प्लास्टर आणि बारीक कानशीने कवळ्या घडवायचे. हिरडीला कुठे टोचेल हे त्यांना अंगठा फिरवून कळायचं. काम सोडून बरीच वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी हसलं की ते आधी दात बघत आणि मग माणूस ओळखत. दात आपल्या हातचे निघाले की खूश. दुसऱ्या कुणाचे असले की घरी येऊन सांगत, "खालची ओळ बघितलीस का त्याची? कुंपण घातलंय नुसतं."

या माणसाकडे एक गडद निळी गाडी होती, आणि ती धुणं हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम होता. ऊन अंगणात यायच्या आत ते खाली उतरत. आधी नुसतं पाणी, तेही हळू, धूळ आपली आपण वाहून जाईपर्यंत. मग एका बालदीत साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं परत साबणात बुडवायच्या आधी दर वेळी साध्या पाण्यात खळबळायचं. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. हातातलं फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लावायचं नाही.

"साबणात एक खडा गेला की तो साबण राहत नाही, कानस होते," असं ते म्हणत.

वरून त्यांची बायको, म्हणजे सुनेच्या सासूबाई, म्हणत, "लग्न झाल्यापासून माझ्या पाठीला कधी साबण लावला नाही, आणि तिचे लाड बघा."

त्यांच्या सुनेने हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण शेजारच्या घरातला टीव्ही पाहावा तसं. आवाज येतो, चित्र दिसतं, लक्ष कुणाचं नसतं.

मधल्या काळात अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. ते कबूल करत नव्हते. चहा कपाच्या बाहेर ओतला की कपच चुकीच्या जागी ठेवलेला असे. गाडी मात्र हाताच्या अंदाजाने धुवायचे, आणि ती तशीच लखलखीत दिसायची. शेवटी एकदा कपड्यांच्या दुकानात ते दाराजवळच्या पुतळ्याला म्हणाले, "जरा सरकता का?" पुतळा सरकला नाही म्हणून आवाज चढवला. सगळं दुकान बघायला लागलं. त्या दिवशी घरी येऊन ते स्वतःच म्हणाले, "घ्या त्या डॉक्टरांची वेळ." आधी उजवा डोळा करायचा ठरला, मग महिन्याभराने डावा.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली, आणि नेमकी त्याच आठवड्यात शेजारची जुनी इमारत पाडायला सुरुवात झाली. गाडीवर सिमेंटचा थर बसला. त्यावर पक्ष्यांनी आपली भर घातली. अण्णा खिडकीत उभे राहून नुसते चुळबुळत होते.

ऑपरेशनच्या दिवशी मुलगा त्यांना टॅक्सीने घेऊन गेला. सुनेने रजा काढली होती, पण दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देणार होते. मग तिच्या मनात आलं, नव्या डोळ्याने अण्णा खाली बघतील तेव्हा गाडी चकचकीत दिसली पाहिजे. कल्पना तिला इतकी आवडली की ती चहा अर्धा टाकून उठली.

हाताशी आलं ते तिने घेतलं. फरशी पुसायची बालदी, भांड्यांचा साबण, एक जुना टॉवेल. वरची धूळ आधी कोरड्या फडक्याने झटकून पुसून काढली, म्हणजे पाणी कमी लागेल. मग जोरजोरात गोल गोल हात फिरवत सगळी गाडी धुतली. बॉनेटवरची पक्ष्यांची घाण वाळून दगड झाली होती, ती फडक्याला दाद देईना. ती वर गेली आणि भांड्यांची घासणी घेऊन आली. घासणीची पिवळी बाजू मऊ असते, हिरवी खरखरीत. पिवळ्या बाजूने निघालं नाही. हिरव्या बाजूने निघालं.

ओली गाडी अशी काही दिसत होती की ती स्वतःवरच खूश झाली. टॉवेलने पुसून घेतलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात ऊन इमारतीच्या कोपऱ्यावरून सरकून गाडीवर आलं.

सगळ्या दारांवर, टपावर, बारीक बारीक वर्तुळं उमटली होती, कोळ्याने जाळं विणावं तशी. बॉनेटवर जिथे घासणी फिरली होती तिथे तळहाताएवढे पांढुरके डाग होते. तिने बोट ओलं करून एका डागावर फिरवलं. डाग गेला. पाणी वाळलं, डाग परत आला. तिने पुन्हा ओलं केलं. पुन्हा वाळलं. असं ती किती वेळ करत होती कोण जाणे, वरून हाक आली तेव्हा थांबली.

"काय चाललंय ते?" सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. त्या खाली आल्या, डोळे बारीक करून बॉनेटकडे वाकल्या. "अगं बाई. कशाने घासलंस?"

सुनेने घासणी दाखवली.

सासूबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि पदराआड धरली, जणू कुणी बघेल. "मी मघापासून बघत होते. मला वाटलं, हिला माहीत असेल."

"आई, आज आले की सांगून टाकते त्यांना."

"आज? डोळ्यावर पट्टी बांधून येणार आहेत ते. रक्तदाब वर गेला तर? डॉक्टरांनी काय सांगितलंय, मन शांत ठेवा. थोडं बरं होऊ दे, मग सांग."

कारण चांगलं होतं. सुनेने ते लगेच उचललं, आणि इतक्या पटकन उचलल्याचं तिच्या लक्षातही आलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा चष्मा लावून अण्णा घरभर हिंडायला लागले. भिंतीवरची चीर दिसली. घड्याळाचा सेकंद काटा दिसला. दुपारी बायकोसमोर बसून ते तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"तू कधी म्हातारी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. सूनही हसली, पण तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. अण्णा चपला शोधायला लागले की ती हाक मारून त्यांना दुसऱ्याच कामाला लावायची.

मग एका सकाळी त्यांना चपला सापडल्या. ती खिडकीत बटाटे चिरत होती. अण्णा गाडीजवळ गेले, काळा चष्मा काढला आणि थांबले. मग बॉनेटच्या बाजूला वाकून, मान तिरपी करून बघायला लागले, कवळी उजेडात धरून बघायचे तसे. अंगठा फिरवला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मग आणखी एक, उलट्या बाजूने. आणि पायरीवर बसले.

सुरी तशीच टाकून ती खाली गेली. उतरताना वाक्य तयार होतं. "अण्णा, हे मी केलंय." एवढंच बोलायचं होतं.

"बघ," ती बोलायच्या आत अण्णा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "काय करून ठेवलंय मी. कुणी पाणी मारून धूळ काढली म्हणून दिसलं तरी."

"अण्णा..."

"वर्षभर आंधळ्यासारखा घासत होतो. मला वाटायचं, डोळे नसले तरी हाताला कळतंय. हाताला काही कळत नव्हतं."

"अण्णा, तसं नाहीये, ऐका..."

"तू नको बोलूस. तू बरं वाटेल असंच बोलशील, तुझं कामच आहे ते." ते हे रागाने म्हणाले नाहीत. उलट तिच्या हातावर थोपटलं.

तिचं काम खरंच तसं होतं. ती फिजिओथेरपिस्ट होती. हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करायची, चालवायची, जिना चढायला लावायची. अण्णांचा हात तिच्या हातावर होता. वाक्य जिभेवर होतं. आणि तिने विचारलं, "चहा ठेवू?"

"ठेव," अण्णा म्हणाले.

चहा ठेवताना तिला स्वतःचीच इतकी किळस आली की आधण उकळून निम्मं झालं तरी तिच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून अण्णा आक्रसत गेले. आरडाओरडा नाही, रडारड नाही. शेजारचे पोस्टमास्तर नेहमीप्रमाणे आपली कवळी रुमालात गुंडाळून आले, डावीकडे टोचतेय म्हणाले. असं काम आलं की अण्णा एरवी लहान मुलासारखे उड्या मारत मागच्या खोलीत जायचे. या वेळी त्यांनी रुमाल उघडलाही नाही. "डॉक्टरांकडेच जा. माझा हात गेला आता."

"हात गेला म्हणजे? जागेवर तर आहे," पोस्टमास्तर म्हणाले. अण्णा हसले नाहीत.

दाढी ते न्हाव्याकडे जाऊन करू लागले. सासूबाईंना बाजारात न्यायचं तर टॅक्सी बोलवू लागले. सकाळी नाश्त्याला बसले की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायचे, बोटांत काहीतरी अडकलंय आणि ते कळत नाहीये असं. दुसऱ्या डोळ्याची वेळ घ्यायला मुलाने फोन उचलला तर म्हणाले, "राहू दे. एका डोळ्याने एवढं दिसलं, दुसऱ्याने आणखी काय बघू?" आणि एक दिवस सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "गाडी विकून टाकू."

मुलगा लगेच तयार झाला. त्याला आधीपासूनच वडिलांच्या गाडी चालवण्याची धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना सुनेने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. "भांड्यांची घासणी? अगं, तू तरी..." मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "पण आता सांगून काय मिळणार? उलट झालं ते बरंच झालं. त्यांनी चालवू नये हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. ऐकलं का? आता आपण होऊन थांबलेत."

"खोट्या कारणाने थांबलेत."

"खोटं का असेना, थांबले ना?"

"आणि कवळीचं काय? दाढीचं? तेही बरंच झालं?"

त्याने घड्याळ बघितलं. तिनेही पुढे ताणलं नाही, कारण बरोबर काय ते माहीत असून ती करत नव्हती.

त्या दिवशी तिच्याकडे एक आजी आल्या होत्या. खुब्याचं हाड केव्हाच जुळलेलं, पाय ठणठणीत, पण त्या व्हीलचेअर सोडायला तयार नव्हत्या. पाण्याचा पेलासुद्धा मुलाने धरायचा. मुलगा अभिमानाने म्हणाला, "आम्ही आईला काही म्हणजे काही करू देत नाही." अशा वेळी सून नेहमी एक गोष्ट सांगायची, की हाड लवकर जुळतं, पण आपल्याला जमत नाही असं माणसाने एकदा ठरवलं की तिथे प्लास्टर चालत नाही. ती सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मुलगा वाट बघत होता. तिने नुसतं "बरं, उभ्या राहून बघूया का आजी?" म्हटलं आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी ती घरी सांगायचं ठरवूनच आली. पण अण्णा झोपले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. त्यानंतर एकदा सासूबाईंनी डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. रोज काहीतरी असायचंच, आणि रोज ती मनातल्या मनात त्याचे आभार मानायची.

शनिवारी दुपारी गाडी बघायला एक बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या, म्हणून जरा घाबरलेल्या. बरोबर कुणी नव्हतं. सगळं घर खाली उतरलं. अण्णांनी इंजिन दाखवलं, टायर दाखवले, डिकी उघडून दाखवली. मग स्वतःच बॉनेटकडे वळले.

"एक गोष्ट सांगायला हवी. इथे आणि इथे बघा. आणि ही सगळीकडे बारीक वर्तुळं आहेत ना, उन्हात दिसतात. हे मी केलंय."

"म्हणजे अपघात वगैरे?" बाईंनी विचारलं.

"नाही. धुताना. मला दिसत नव्हतं, आणि मी ते मानत नव्हतो. फडक्यात खडे असणार, मला समजलं नाही." अण्णांची मान खाली होती. अनोळखी बाईसमोर शाळेतल्या मुलासारखे उभे होते. "गाडीची चूक नाही यात. माझी आहे."

"अण्णांनी नाही केलं ते," सून म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बाई दचकल्या.

"मी केलं. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी. तुम्हाला आवडेल म्हणून धुवायला गेले, आणि मला धुता येत नव्हतं. तुमच्या हातांनी काहीही झालं नव्हतं, अण्णा. आदल्या दिवसापर्यंत गाडीवर एक ओरखडा नव्हता."

अण्णांनी मान वर केली. "सूनबाई, उगाच मला..."

"उगाच नाही," मागून सासूबाई म्हणाल्या. "मी खिडकीतून बघितलं. मीच तिला म्हटलं, सांगू नको."

मुलगा जमिनीकडे बघत होता. अण्णांनी तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, नव्या डोळ्याने, नीट.

"कशाने घासलंस?"

"भांड्यांच्या घासणीने."

"कुठल्या बाजूने?"

"हिरव्या."

अण्णांनी डोळे मिटले. कुणीतरी नको तिथे दाबल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग ते वर गेले, आणि मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. "मग... गाडी विकायची आहे की नाही?"

"आता बहुतेक नाही," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चहा घेणार का?"

बाई नको नको म्हणत होत्या, पण सासूबाईंनी त्यांना वर नेलंच. बाई चहा पीत होत्या तेवढ्यात मागच्या खोलीतून छोट्या मोटरचा आवाज आला, कवळी घासायच्या. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. बराच वेळ चालला. अण्णा कुठल्यातरी जुन्या कवळीवर हात अजमावत होते. सून स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. फक्त आता तो सगळ्यांना दिसत होता.

संध्याकाळी अण्णांनी स्वतः फोन करून पोस्टमास्तरांना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतः दाढी केली. सुनेशी मात्र बोलणं बंद. घरात राहायचं, एका टेबलावर जेवायचं आणि बोलायचं सासूबाईंमार्फत. "तिला सांग, मीठ इकडे दे." सून हाताच्या अंतरावर बसलेली असायची. सासूबाई म्हणायच्या, "तुझे अण्णा मीठ मागतायत." सून मीठ द्यायची. अण्णा मिठाला धन्यवाद दिल्यासारखी मान हलवायचे. सासूबाईंवरही त्यांचा राग होता, पण त्या म्हणाल्या तसं, दोघींशी अबोला धरला तर मीठ मागायचं कुणाकडे?

नवरा तिच्यावर चिडला होता. "तू सांगून मोकळी झालीस. आता ते पुन्हा गाडी काढणार. काही झालं तर?"

"डॉक्टरांना विचारू. ते नको म्हणाले तर नको. त्या कारणाने थांबले तर मला चालेल."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने चालवायला हरकत नाही, पण डावा डोळा लवकर करून घ्या. अण्णांनी तिथल्या तिथे तारीख घेतली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सासूबाई निरोप घेऊन आल्या. "गाडी पॉलिशला न्यायचीय. तिला वेळ असेल तर बस म्हणावं."

ती बसली. अण्णांनी गाडी चालवली. सगळ्या वाटेत ते फक्त दुसऱ्या गाड्यांशी बोलत होते. "अरे, हात तरी दाखव. वळतोस काय नुसता?"

पॉलिशवाल्याने दिवा तिरपा धरून गाडी सगळीकडून बघितली. बारीक वर्तुळं मशीनने जातील म्हणाला. बॉनेटपाशी येऊन त्याने ओठ मुडपले. "इथला वरचा थरच गेलाय. इथे पॉलिश करून उपयोग नाही, रंगच मारावा लागेल. आणि रंग किती जुळवला तरी जुन्या गाडीला तंतोतंत जुळत नाही, आधीच सांगतो. कुणी केलं हे?"

सून तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "घरच्यांनी." आणि भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले.

ती त्यांच्या शेजारी बसली. मशीन सुरू झालं. त्या आवाजात बोलणं सोपं होतं, कारण एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं.

"गाडीचं वाईट वाटलं," अण्णा म्हणाले. "ते वाटणारच. पण गाडीचं मी गिळलं असतं. मी रोज सकाळी उठून बोटं घासून बघत होतो, कळतंय का, नाही कळत. या बोटांवर घर चाललं आमचं. आणि तू समोर बसून नाश्ता करत होतीस."

"हो."

"माझ्याकडे बघत होतीस."

"हो, अण्णा."

"मग का नाही बोललीस?"

तिने बरीच कारणं जमवून ठेवली होती. रक्तदाब, सासूबाई, पाहुणे. त्यातलं एकही तिला आता तोंडातून काढवेना.

"तुम्ही पायरीवर बसून म्हणालात ना, मी केलं म्हणून. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. मग त्याचीच इतकी लाज वाटायला लागली की पुढचं बोलताच येईना. ओरखड्यांची चूक सांगता आली असती. ही कशी सांगणार?"

पॉलिशवाल्याने मशीन थांबवून एका दारावर फडकं फिरवलं. दार पूर्वीसारखं खोल निळं दिसायला लागलं होतं.

"हे खरं बोललीस," अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "माफ केलं असं मी म्हणणार नाही इतक्यात. म्हणायचं म्हणून म्हटलं तर ते कवळीसारखं होईल. दिसायला दात, पण आपले नव्हेत."

"नका म्हणू," ती म्हणाली. तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तो स्वच्छ आहे का हे उजेडात धरून बघितलं आणि तिच्याकडे न बघता तिच्या मांडीवर ठेवला.

बॉनेटला रंग द्यायला गाडी तिथेच ठेवावी लागली. काही दिवसांनी दोघं जाऊन ती घेऊन आली. पॉलिशवाला म्हणाला तसंच झालं होतं. बॉनेटचा निळा बाकीच्या निळ्यापेक्षा किंचित हिरवट होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. अण्णांना दिसला. परतीच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला ते मान पुढे काढून बॉनेटकडे बघत आणि नाकातून श्वास सोडत. प्रत्येक श्वासाला सून सीटमध्ये थोडी खाली सरकत होती.

घरी सासूबाई ताटं मांडून वाट बघत होत्या. दोघांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काही अंदाज येईना.

"बोललात का एकमेकांशी?"

"बोललो," अण्णा हात धुता धुता म्हणाले.

"मग गेला का राग?"

"अजून आहे."

"मग जेवण कसं करायचं? हिने माझ्या शेजारी बसायचं की आत?"

"आत कशाला?" अण्णांनी खुर्ची ओढली. "राग तिच्यावर आहे, जेवणावर नाही. आणि मीठ लांब ठेवलंयस पुन्हा." त्यांनी टेबलाच्या पलीकडे पाहिलं, सासूबाईंना मध्ये न घेता. "दे गं ते इकडे."

सुनेने मीठ दिलं. घाईत थोडं टेबलावर सांडलं. अण्णांनी ते बोटाच्या टोकाने गोळा केलं, एकही कण न सोडता, आणि जेवायला लागले.